मोर्चेवाले

सारजाला वाटलं, झेंडे घेऊन तहसील कचेरीवर जातात त्या मोर्च्याचं नाटक असणार. काटेवाडीहून तिची भाची स्वरूपा लुनावरून आली होती, नाटकाचे दोन पास घेऊन. स्वरूपा तिकडं शाळेत मास्तरीण. पास शाळेत वाटले होते, आणि तिचा नवरा काही तीन तास एका जागी बसणारा माणूस नव्हता.

"रविवारी दुपारी तीनला हाय, बारामतीत. ‘मोर्चा नंबर सात’. लोणी देवकरच्या कंपनीतल्या कामगारांनी बसवलंय," स्वरूपा म्हणाली. "मामी, तू येतीयास माझ्यासंगं."

"मी? रस्त्यानं बोंबलत जायचं, त्याचं काय नाटक करायचं?"

स्वरूपा हसली. "त्यो मोर्चा न्हाय गं. लष्करात खंदकाला मोर्चा म्हणत्यात. शिपाई बसत्यात ना खड्ड्यात, तितनं गोळ्या झाडत्यात, त्यो. मामानं कधी सांगितलं न्हाय व्हय तुला?"

सारजा म्हशीची धार काढून नुकती उठली होती. दुधाची चरवी हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

"न्हाय," ती म्हणाली. "मामानं कायच सांगितलं न्हाय."

स्वरूपा लुना वळवून घेऊ लागली. सारजा मागून हाक मारून म्हणाली, "येते मी."

सारजाचा नवरा जोतीराम जाऊन चौदा महिने झाले होते. कन्हेरीत त्यांचं दोन एकर रान. सासऱ्याच्या काळात मेंढरं होती, दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून मुलूख हिंडणं होतं. मग म्हाताऱ्यानं मेंढरं विकली आणि कालव्याच्या पाण्यावर ऊस केला. जोतीराम त्याच्या आधीच पलटणीत भरती झाला होता. लग्न सुट्टीत झालं. एकाहत्तरच्या लढाईत तो पंजाबच्या सरहद्दीवर होता एवढं सारजाला ठाऊक होतं, तेही सासऱ्यानं रेडिओ ऐकून अंदाजानं सांगितलं म्हणून. लढाईनंतर तो सुट्टीवर आला तेव्हा हातपाय धड होते. गावानं हलगी लावून त्याला वेशीतून आणला. सारजानं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्या दिवशी तिला वाटलं, आपल्यासारखी नशिबाची दुसरी कोण असणार.

पुढं पेन्शन घेऊन तो कायमचा घरी आला आणि संसार खऱ्या अर्थानं तेव्हा सुरू झाला. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, शिवी नाही, हात उगारणं नाही. पण बोलणंही नाही. बियाणं आणायचंय, पोरीची फी भरायचीय, म्हैस माजावर आलीय, असल्या बोलण्यावर दिवस जायचे. त्यातही त्याच्या काही तऱ्हा होत्या. जेवताना तो चतकोर भाकरी बाजूला काढून ठेवायचा, ती कधी खायचा नाही. शेवटी उठून कुत्र्याला टाकायचा. रोज दिवस मावळायच्या आत उंबऱ्यावर बसून पाय पुसायचा. करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट फाकवून, कोरड्या फडक्यानं, अर्धा अर्धा तास. आणि रानातलं सगळं काम करायचा, पण दारं धरायचा नाही. उसाला पाण्याची पाळी आली की एका सरीचं पाणी तोडून दुसरीत लावायचं, गुडघाभर चिखलात उभं राहून माती ओढायची, तेवढं काम त्याला नको असायचं. पाळीच्या दिवशी तो टोपी घालून गावातल्या पारावर जाऊन बसायचा आणि सारजा पदर खोचून, खोरं घेऊन पाण्यात उतरायची. शेजारच्या रानातले गडी बघत राहायचे. तिनं एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "माझ्यानं व्हत न्हाय." एवढंच.

आणि झोपेत बरळायचा. "मोर्चा भरला," म्हणायचा. "मोर्चा भरला रे, भाईर निघा."

एकदा गावातल्या लीलाबाईच्या कांद्याच्या रानात दहा-बारा बायका खुरपायला बसल्या होत्या. लीलाबाईनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "सारजे, तुझं मालक गावात तर कुनाशी बोलत न्हाईत. घरात तरी बोलत्यात का गं?"

सगळ्या बायकांची खुरपी थांबली. सारजाला त्या थांबलेल्या खुरप्यांची लाज वाटली आणि लाजेच्या पोटी तिला विनोद सुचला.

"बोलत्यात की," ती म्हणाली. "झोपंत. रोज मोर्चा भरवत्यात. दिवसा पारावर, रातीला मोर्च्यात. आमच्याकडं काय, पुढारीच झोपायला असतोय."

बायका इतक्या हसल्या की दोघी-तिघी वाफ्यातच बसल्या. सारजाही हसली. कधी नव्हे ते त्या दिवशी तिला चारचौघींत आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. आठवड्याभरात नाव गावभर झालं. दूध घालायला गेला की, "या मोर्चेवाले." पिठाच्या गिरणीवर, "मोर्चेवाल्यांचं दळण आदी घ्या रं." जोतीराम ओठ जरा हलवायचा, हसल्यासारखं करून. महिन्याभरानं तो म्हणाला, "लोणी देवकरला कंपनीत गेटवर माणूस पायजे. जातो." तिकडंच खोली घेऊन राहिला. आठवड्याच्या सुट्टीला यायचा. सात वर्षं असं गेलं. पोरगी सुकन्या लग्न होऊन पिंपरीला गेली. आणि शहाण्णवच्या दिवाळीनंतर एके दिवशी सकाळी दहा-साडेदहाला तो गेटवर खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

नावाचा आणि नोकरीचा सारजानं कधी एकमेकांशी संबंध लावला नव्हता. स्वरूपा लुनावरून निघून गेली आणि चरवी हातात धरून ती गोठ्याच्या दारात उभी राहिली, तेव्हा तो लागला.

रविवारी सभागृह भरलं होतं. पुढं कंपन्यांचे साहेब, मागं कामगार आणि त्यांची बायकापोरं, शेंगा खाणारी, एकमेकांना हाका मारणारी. पडदा वर गेला तेव्हा सारजाला आधी पोती दिसली. खताची पोती उलटी करून त्यांत माती भरून दोन्ही बाजूंनी रचलेली. एका पोत्याची शिवण उसवली होती आणि आतली निळी अक्षरं दिसत होती. तिला जरा धीर आला. पोती तरी ओळखीची होती.

त्या पोत्यांच्या मधल्या फटीत चार शिपाई. एक हवालदार, एक गाणी म्हणणारा, आणि म्हस्कू व रतन नावाचे दोघं जिवलग. आधीचा पाऊण तास नुसती हसाहस होती. चिमूटभर तंबाखूवरून भांडण. गाणी म्हणणाऱ्याला लिहिता येत नाही म्हणून त्याच्या बायकोला पत्र हवालदार लिहून देतो आणि मनचं घालतो, असला प्रकार. रतनचं लग्न ठरलेलं, तो रोज भाकरीतला अर्धा वाटा म्हस्कूला देऊन म्हणतो, "तू खा. मी आता तिच्याच हातचं जेवणार." सारजा पदर तोंडाला लावून हसत होती.

मग तोफा सुरू झाल्या. आत कुणीतरी पत्रा बडवत होतं हे कळत होतं, तरी पोरं आयांना बिलगली. तोफा थांबल्या, उजेड कमी झाला आणि म्हस्कू एका पोत्यावर बसून बूट काढायला लागला. खिशातून फडकं काढलं. पाय मांडीवर घेतला. करंगळीपासून सुरुवात करून त्यानं एकेक बोट फाकवलं आणि पुसलं, सावकाश, मधल्या बेचक्यात फडकं घालून.

हवालदार म्हणाला, "पुसा रे सगळ्यांनी. पाय कुजला की माणूस गेला."

सारजाचं हसू तोंडावरच राहिलं. तिनं स्वरूपाकडं पाहिलं. स्वरूपा नाटक बघत होती. तिला काय माहीत असणार? ते उंबऱ्यावरचं बसणं बघायला तिथं सारजाशिवाय कोण असायचं?

त्यानंतर तिनं नाटक बघितलं ते श्वास धरून. शत्रूनं वरच्या अंगाला कालवा फोडला. रंगमंचावर पाणी कुठंच नव्हतं. होते ते चौघांचे पाय. आधी त्यांनी खाली बघितलं, घोट्याकडं. मग पाय उचलताना जड व्हायला लागले, एक पाय काढला की दुसरा रुतायचा. मग हात वर धरून, बंदुका डोक्यावर घेऊन. दारं धरताना गाळ पाय कसा ओढतो ते सारजाला कुणी सांगायला नको होतं. तिच्या स्वतःच्या पिंडऱ्या ताठ झाल्या. पोत्यांची एक बाजू ढासळली आणि रतन कमरेपर्यंत खाली सापडला.

"मोर्चा भरला!" म्हस्कू ओरडला. "मोर्चा भरला रे, भाईर निघा!"

हवालदारानं हुकूम दिला. गाणी म्हणणारा वर चढला, हवालदार चढला. म्हस्कू राहिला. तो रतनचा हात धरून ओढत होता, माती उकरत होता, पुन्हा ओढत होता. रतन आधी ओरडत होता, मग बोलत होता, मग नुसताच हनुवटी वर धरून राहिला. सभागृहात शेंगांचं टरफल वाजत नव्हतं. मग रतननं स्वतःच आपला हात सोडवून घेतला. म्हस्कू तसाच उभा, रिकाम्या मुठीकडं बघत. वरून हवालदाराचे हात आले आणि त्यांनी त्याला पोत्यासारखं ओढून काढलं.

शेवटच्या प्रवेशात म्हस्कू गावी येतो. हलगी वाजते, बायको भाकरतुकडा ओवाळते, म्हस्कू तिच्याकडं बघून हसतो, पडदा पडतो. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. स्वरूपा डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. सारजा बसून होती. मग ती उठली आणि दाराकडं न जाता रंगमंचाच्या बाजूच्या पायऱ्यांकडं निघाली.

आत गर्दी होती. म्हस्कूचं काम करणारा गडी खोबरेल लावून तोंडाचा रंग पुसत होता. तिशीचा असेल. युवराज म्हणून सगळे त्याला हाका मारत होते.

"हे कुणी लिव्हलं?" सारजानं विचारलं.

"मीच लिहिलंय, काकी. आवडलं का?"

"ती पायाची बोटं पुसायची कुठनं आनली?"

युवराजचा हात थांबला. त्यानं तिला नीट बघून घेतलं. "तुमी कुठनं आलाय?"

"कन्हेरी."

"जोतीतात्यांच्या घरच्या?" तो म्हणाला आणि पटकन वाकून पाया पडला. तिच्या पावलावर रंगाची बोटं उठली. "तात्या गेले तवा आमी आलो हुतो कंपनीतनं. तुमी कुठं बघायच्या मनःस्थितीत हुता..."

"त्यांनी सांगितलं तुमाला?"

"व्हय. मी डबा घिऊन त्यांच्या केबिनीत बसायचो जेवणाच्या सुट्टीत. पयली दोन वर्षं कायच बोलले न्हाईत. मग एका पावसाळ्यात गेटवर पाणी तुंबलं, केबिनीत शिरलं, तर तात्या खुर्चीवर चढून उभे. मला हसू आलं. मला म्हणाले, बस, तुला सांगतो. आन मग सांगतच ऱ्हायले. रतन हे खरं नाव हाय, काकी. तेवढं बदलू नको म्हणाले."

"किती दिस सांगत हुते?"

"दोन-अडीच महिने. रोज अर्धा तास."

दोन-अडीच महिने. नवऱ्याचं बाहेर कुठं काही आहे असं कळलेल्या बाईला जसं होईल तसं तिला झालं. इथं तर दुसरी बाईही नव्हती. होती एक पत्र्याची केबिन आणि डबा खाणारा परका पोरगा.

"मला का न्हाय सांगितलं?" तिला त्याला विचारायचं नव्हतं, पण दुसरं विचारायला कोणी उरलंच नव्हतं.

युवराज घुटमळला. "मी विचारलं हुतं, काकी. घरी सांगितलंय का म्हणून. तर म्हणाले, घरात सांगितलं तर ते घरात ऱ्हाईल. हितं सांगितलं की हितंच टाकून जाता येतं."

"घरात ऱ्हाईल!" सारजाचा आवाज एकदम चढला. रंग पुसणारे दोघं-तिघं वळून बघायला लागले. "मग काय घराच्या भाईर हुतं व्हय? ताटात हुतं. रानात हुतं. माझ्या अंथरुणात हुतं वीस-पंचवीस वर्षं. निस्तं त्याचं नाव मला ठावं नव्हतं!"

"मामी, चल," स्वरूपानं तिचा दंड धरला.

सारजा दोन पावलं गेली आणि परत फिरली. "आन शेवट खोटा हाय तुमचा," ती युवराजला म्हणाली. "गडी घरी आला, तितं तुमी पडदा पाडला. खरं तर तितनं म्होरं हुतं."

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस तिचे कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. म्हैस होती, दोन शेरडं होती, ऊस तोडणीला आला होता. काम थांबत नव्हतं. पण जेवायला बसली की ताटासमोर हात थांबायचा. रतन. पंचवीस वर्षं चतकोर भाकरी ज्याच्या नावानं निघत होती, त्याचं नाव तिला आता कळलं होतं, आणि त्यावरून तिनं नवऱ्याला किती वेळा बोल लावला होता तेही आठवत होतं. दोनदा तिला सुकन्याला फोन लावावासा वाटला. एकदा ती एसटीडीच्या दुकानापर्यंत गेली. पण काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हे न सुचून परत आली. लीलाबाई वाटेत भेटली, म्हणाली, "कुठं गं?" सारजा म्हणाली, "कुठं न्हाय."

मग एका सकाळी युवराज कन्हेरीत आला. वही घेऊन आला होता. "पुढचा प्रयोग इंदापूरला हाय, काकी," ओसरीवर बसत तो म्हणाला. "शेवट बदलायचाय. तुमी म्हणाला, म्होरं हुतं. काय हुतं ते सांगा."

सारजानं चहा टाकला. चहा देऊन समोर बसली. आणि म्हशीचं सांगितलं, ती हल्ली दूध कमी देतीय म्हणून. मग उसाच्या तोडणीची पाळी कशी लांबली ते. मग सुकन्याचं घर किती लहान आहे ते. युवराज मान हलवत ऐकत राहिला. त्याची वही उघडी होती आणि पान कोरं. तो विचारत होता, ऐकायलाच आला होता, तरी तिच्या तोंडून ते निघेना. शब्द जवळ यायचे आणि म्हैस, ऊस, पोरगी यांच्याआड जाऊन बसायचे. तेव्हा तिला पहिल्यांदाच वाटून गेलं, की उंबऱ्यावर बसणाऱ्या त्या माणसाला रोज असंच होत असेल. आपणही कधी वही उघडून त्याच्यापुढं बसलो नव्हतो, उलट खुरपी थांबली की आपल्याला लाज वाटत होती.

"एक विचारू का?" शेवटी ती म्हणाली. "गावात त्यांना मोर्चेवाले म्हणायचे, हे सांगितलं हुतं त्यांनी?"

युवराजनं मान खाली घातली. "व्हय. हसून सांगायचे. म्हणाले, गावानं नाव ठेवलंय."

"गावानं न्हाय," सारजा म्हणाली. "मी ठेवलं."

आणि मग तिनं सांगितलं. लीलाबाईचे कांदे, थांबलेली खुरपी, ती काय म्हणाली, बायका कशा हसल्या, तिला स्वतःला किती बरं वाटलं, सगळं. दूध घालायला गेल्यावर तो कसा ओठ हलवायचा ते सांगितलं. नोकरीला जातो म्हणाला तेव्हा ती नुसतं "जावा" म्हणाली होती, तेही सांगितलं.

"त्यांना ठावं हुतं का, कुणी ठेवलं ते?" तिनं विचारलं.

"ते कधी बोलले न्हाईत."

"ठावं नसंल तर बरं," ती म्हणाली. "ठावं असून बोलले नसतील तर..."

चहाचा कप तसाच निवला होता. युवराजनं वही मिटली. त्यात एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. "काकी, हे नाटकात घालू का?" तो म्हणाला. "तुमी नको म्हणाला तर घालणार न्हाय."

सारजानं निवलेल्या चहाचा कप उचलला. "घाला," ती म्हणाली. "आन लोकं हसली तर हसू द्या. आमी बी हसलो हुतो."

इंदापूरचा प्रयोग फेब्रुवारीच्या शेवटी, दुपारी बाराला होता. स्वरूपाच्या शाळेत त्या दिवशी परीक्षा होती. सारजा एकटीच एसटीनं गेली. इतक्या लांब एकटी ती कधी गेली नव्हती. तिकीट मुठीत धरून बसली होती आणि कंडक्टरला तिनं दोनदा सांगून ठेवलं होतं. सभागृहात मधल्या रांगेत कडेची खुर्ची बघून बसली.

तंबाखू, पत्र, तोफा, पाणी. सगळं तिला आता पाठ होतं, तरी रतननं हात सोडवून घेतला तेव्हा तिनं डोळे मिटले. मग हलगी वाजली, भाकरतुकडा ओवाळला गेला, पण पडदा पडला नाही. उजेड बदलला. चार-पाच बायका रांगेत बसून खुरपत होत्या. एकीनं विचारलं, तुझं मालक घरात तरी बोलत्यात का गं? म्हस्कूच्या बायकोचं काम करणारी पोरगी जरा थांबली आणि मग तिनं सारजाचं वाक्य शब्दाला शब्द म्हटलं.

सभागृह कोसळल्यासारखं हसलं. मागून शिट्टी आली. कुणीतरी टाळी दिली. सारजा त्या हसण्यात ताठ बसून होती. हे हसणं तिच्या चांगल्या ओळखीचं होतं.

तेवढ्यात रंगमंचाच्या कडेला म्हस्कू येऊन उभा राहिला. त्याच्या हातात पाण्याची कळशी होती, खुरपणाऱ्या बायकांसाठी आणलेली. त्यानं ऐकलं होतं. त्यानं ओठ जरा हलवले, कळशी आवाज न करता बांधावर ठेवली आणि तो आला तसा निघून गेला. बायका अजून हसत होत्या. सभागृहातलं हसणं मात्र एकेका रांगेतून विझत गेलं.

हे सारजानं सांगितलेलं नव्हतं. हे युवराजनं मनचं घातलं होतं. पण ते बघताना तिला कांद्याचं ते रान आठवलं. त्या दिवशी लीलाबाईच्या रानात बांधावर पाण्याची कळशी होती. बायकांनी हसून हसून पाणी पिलं होतं, ते तिला स्पष्ट आठवत होतं. कळशी कुणी आणून ठेवली होती? लीलाबाईच्या घरच्यांनी? की आणखी कुणी? तिनं खूप आठवून बघितलं. कळशी दिसत होती, तिच्यावरचा तांब्या दिसत होता. आणणारा माणूस दिसत नव्हता.

टाळ्या सुरू व्हायच्या आत ती उठून बाहेर पडली. युवराजला भेटली नाही.

स्टँडवर ऊन उतरत नव्हतं. बाकावर निमगावची एक बाई येऊन बसली, सारजाच्याच वयाची. तीही नाटक बघून आली होती. डोळे अजून लाल होते.

"काय वंगाळ बाई, न्हाय?" ती सारजाला म्हणाली. "सोन्यासारखा नवरा जीव वाचवून आला, आन हिनं त्याचं गावभर हसं केलं."

"वंगाळ नव्हती ती," सारजा म्हणाली. "तिला ठावं नव्हतं."

"तुमाला काय म्हाईत?"

"ती मीच हाय."

बाई तिच्याकडं बघत राहिली. सारजाला वाटलं, आता ही उठून पलीकडच्या बाकावर जाणार. पण बाईनं आपली पिशवी मांडीवर घेतली आणि मधे जागा केली. "सांगा," ती म्हणाली.

सारजानं सांगितलं. यावेळी म्हैस आणि ऊस आडवे आले नाहीत. लग्नाच्या आधी जोतीराम तिला बघायला आला तेव्हा त्याचे कान कसे लाल झाले होते, तिथपासून तिनं सुरुवात केली. मधे निमगावकडं जाणारी एक गाडी लागली. बाईनं तिच्याकडं नुसतं बघितलं आणि बसून राहिली. दुसरी लागली तेव्हा तिचा इलाज नव्हता. घरी जनावरं होती. तिनं सारजाचा हात एकदा दाबला, "येते, बाई," म्हणाली, आणि पळत जाऊन गाडीत चढली. दोघींनी एकमेकींना नाव विचारलं नव्हतं.

गाडी धूळ उडवत गेली. बारामतीची गाडी यायला अजून अवकाश होता. सारजानं पदर डोक्यावर पुढं ओढून घेतला. बाजूच्या रिकाम्या जागेकडं एकदा बघितलं आणि वाट बघत बसली.